नख, कोपर, पाठ, अय्यो

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगारही विचारला नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा पंजा भिंतीवर दाबला.

"काय लागतंय?"

"भिंत," मी म्हणालो.

"भिंत तर आहेच की. गार लागते की ऊन?"

बंगळूरला येऊन मला पंधरा दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत जो एक कानडी शब्द पदरात पडला होता तो मी वापरला. "स्वल्प गार."

"स्वल्प म्हणजे किती?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून लाकडी पट्टीवर बसवलेला थर्मामीटर काढला, भिंतीला टेकवला, आणि आम्ही दोघं अनोळखी माणसं एका भिंतीचा ताप बघत उभे राहिलो. "या घरात स्वल्प म्हणायचं नाही," ते म्हणाले. "बाजारात म्हण, बसमध्ये म्हण. ऊब मोजायची असते." मग मी एका सरकारी कचेरीत नकाशे काढतो म्हणून कळलं तेव्हा त्यांनी माझं मनगट सोडलं. "आधी नाही का सांगायचं? खोली तुझी. सामान आण."

बसवनगुडीच्या मागच्या अंगाला ते घर होतं. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. बनशंकरीकडे जायचं म्हणजे शेतांतून जायचं. घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडे आले होते. फौज परत गेली, हे राहिले. पूर्वजांच्या तलवारीबद्दल विचारलं की अण्णा म्हणत, "होती की. गंजली. लोखंडाला दमट हवा चालत नाही." वंशाचा अभिमान याहून थोडक्यात आटोपणारा माणूस मी पाहिलेला नाही.

अण्णांनी तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली होती. निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरने हार घातला, इंग्रजीत भाषण केलं आणि त्यांना शाल दिली. तीस वर्षं बर्फात उभ्या असलेल्या माणसाला घरी जाताना शाल. अण्णांना त्यात काही विनोदी वाटलं नाही. त्यांनी ती घरी आणली, उजेडात धरून तिची वीण पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्याला गुंडाळली. मी राहायला गेलो तेव्हा तो हंडा कोपऱ्यात सत्कारमूर्तीसारखा बसलेला होता.

त्यांना बसलेलं मी फार क्वचित पाहिलं. जेवतानासुद्धा मधेच उठून ते दाराच्या फटीला हात लावून येत. रस्त्याने चालताना दुसऱ्यांच्या भिंतींवर पंजा ठेवत. एकदा एका घरातली बाई बाहेर येऊन ओरडली तर तिला म्हणाले, "बाई, तुमच्या स्वयंपाकघराची सगळी ऊब रस्त्यावर येते आहे. मी फक्त बघत होतो." कारखान्यात बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात ठेवतात, तो भुसा हे त्यांच्या आयुष्याचं तत्त्वज्ञान होतं. "भुशाला थंडी ठाऊक नाही आणि ऊबही ठाऊक नाही," ते सांगत. "जे आत आहे ते आत, जे बाहेर आहे ते बाहेर. माणसाला एवढं जमलं तर पुष्कळ झालं."

ही सगळी तगमग कशासाठी होती ते त्या घरात शिरणाऱ्याला पहिल्याच तासात कळे, कारण ते ऐकू येई. वैनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, दमा होता. त्यांच्या श्वासात एक बारीक शिट्टी होती. ती कमी असली की घर बोलत असे. वाढली की सगळे वाक्य अर्धं टाकून कान देत. मीही महिन्याभरात तसाच झालो. कचेरीत कुणी नाकातून शिट्टीसारखा आवाज काढला तरी माझी पेन्सिल थांबे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात धूर नको. स्वयंपाकाची कोळशाची शेगडी मागच्या पडवीत गेली. राहिला न्हाणीतला हंडा. तो खाली चूल बांधून कायमचा बसवलेला, त्याखाली नारळाची सोडणं जळत, आणि न्हाणीला लागूनच वैनींची खोली. आदल्या वर्षी दिवाळीच्या पहाटे तो हंडा पेटवला आणि वैनी तीन दिवस उशांना टेकून बसून राहिल्या. आडवं होता येईना. डॉक्टर दोनदा येऊन सुई टोचून गेले. अण्णांनी तेव्हा ठरवलं, या न्हाणीत पुन्हा जाळ नाही. रॉकेलच्या स्टोव्हचा वास धुराहून वाईट. विजेची कांडी पाण्यात बुडवून पाहिली तर घरच्या दिव्यापुरत्या तारा दोनदा जळल्या आणि शेजारीपाजारी मेणबत्त्या घेऊन चौकशीला आले.

मग भुसा. दुपारी वारा घराकडून बाहेर वाहतोय अशी खात्री करून अण्णा परसात, पार विहिरीपलीकडे, पाणी तापवत. ते बादल्यांनी आणून न्हाणीतल्या शाल पांघरलेल्या हंड्यात ओतत, वर लाकडी झाकण, त्यावर भुशाची गादी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी अंगाला सोसेल एवढं ऊन असे. मी ते पहिल्यांदा अंगावर घेतलं तेव्हा मला खरंच अचंबा वाटला. अण्णा दाराबाहेर उभे होते. "किती?" त्यांनी विचारलं.

"छान आहे अण्णा."

"छान म्हणजे किती?"

त्यावरूनच एक तबकडी निघाली. थर्मामीटरचे आकडे घरात कुणाला कळत नसत आणि शब्दांवर अण्णांचा विश्वास नव्हता. कानडीत कोमट पाण्याला 'उगुरु बेच्चगे' म्हणतात. नखाला ऊन लागेल एवढं. तिथून त्यांनी सुरुवात केली. जुन्या घड्याळाची पितळी तबकडी घेतली, तिच्यावर माझ्याकडून सुबक अक्षरांत चार खुणा करून घेतल्या: नख, कोपर, पाठ, अय्यो. नखाला कळतं ते नख. बाळाला न्हाऊ घालणारी बाई कोपर बुडवून बघते ते कोपर. पाठीवर तांब्या ओतला की हाडं सैल होतात ते पाठ. चौथं सांगायची गरज नव्हती. काटा हंड्याला कशानेही जोडलेला नव्हता. अण्णा थर्मामीटर बघून तो बोटाने फिरवत. पण त्यांनी फिरवलेला काटा कधी चुकला नाही, आणि आम्ही सकाळी एकमेकांना "आज कोपर आहे" असं हवामानासारखं सांगत असू.

या व्यवस्थेत फक्त एक माणूस सामील नव्हतं. अण्णांची थोरली बहीण, अक्का. सत्तरीची, विधवा, काठीसारखी सरळ. तिचं म्हणणं एका शब्दात होतं: तंगळ. कानडीत शिळ्या अन्नाला तंगळ म्हणतात, आणि त्यांच्या घरच्या मराठीत तो शब्द दिवाणखान्यापर्यंत आलेला होता.

"काल तापलेलं पाणी आज अंगावर घ्यायचं? तंगळ पाणी. मी न्हायची नाही."

"अक्का, भात शिळा होतो, कबूल. ऊब कशी शिळी होईल?"

"जाळ विझला की शिळं. भाताखालचा विझला काय, पाण्याखालचा विझला काय."

"कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"पोथी कशाला हवी? आईने सांगितलं म्हणून पुरे."

अण्णांचा वाद तिथे संपला. आई दोघांची एकच. अक्काने भांडण केलं नाही. ती रोज पहाटे विहिरीचं थंड पाणी अंगावर घेऊ लागली. बंगळूरच्या पहाटेला, पौष असो की माघ. तिचा पहिला तांब्या पडला की अण्णा पडवीत येरझारा घालत असत. बायकोच्या शिट्टीसाठी त्यांनी धूर बंद केला होता आणि त्याची शिक्षा बहीण स्वतःच्या पाठीवर घेत होती.

त्याच सुमारास त्यांनी माझी खोली भरायला घेतली. माळ्यावर नाचणीच्या काडांचं पिंजर, भिंतीला आतून फळ्या ठोकून मधे भुसा, खिडकीच्या फटींत कापूस. खिडकी उघडायची नाही अशी अट. "तुझ्या दिव्याची, तुझ्या अंगाची ऊब फुकट जाते," ते म्हणाले. मी विचारलं, ती ऊब घेऊन करणार काय? ते भिंतीला कान लावून उभे राहिले. त्या खोलीत बाहेरचा आवाज येईना. फेरीवाला नाही, टांगा नाही. इतक्या शांततेत मला झोप लागेना.

उत्तर बैलगाडीतून आलं. कॅन्टोन्मेंटमधलं एक साहेबी कुटुंब सामान विकून विलायतेला निघालं होतं, त्यांचा जुना फ्रिज अण्णांनी आणला. गल्लीत बातमी पसरली की अण्णांना पैसा झाला. शेजारच्या बायका भांडी घेऊन बर्फ मागायला आल्या. "बर्फ हा यातला कचरा," अण्णा त्यांना म्हणाले. "कचरा नंतर देतो."

कारखान्यात त्यांनी तीस वर्षं एक गोष्ट पाहिली होती जी मॅनेजरच्या भाषणात नव्हती. बर्फ करणाऱ्या यंत्राच्या मागच्या नळ्यांवरून जे पाणी वाहतं ते कोमट होतं. कामगार पाळी सुटली की त्यात आंघोळ करून घरी जात. गारठा करायचा म्हणजे ऊब उचलून मागच्या दाराने बाहेर टाकायची. अण्णांना फक्त मागचं दार हवं होतं. त्यांनी माझ्या खोलीची आणि न्हाणीची मधली भिंत फोडली. फ्रिजचं तोंड, दार काढून, माझ्या खोलीत, पाठ न्हाणीत. पाठीवरच्या काळ्या नळ्या हंड्याभोवती वळवायच्या होत्या. नळी तडकली तर आतला वायू बाहेर येईल, आणि तो श्वासाला धुराहून वाईट, म्हणून ते काम आम्ही परसात, विहिरीजवळ केलं. मी नळी धरायची, ते बोटभर वाकवणार, मग उठून एक फेरी मारून येणार, पुन्हा बोटभर. पाच रविवार गेले, मग ते वेटोळं न्हाणीत नेऊन हंड्याला घातलं.

गल्लीतल्या शेवटच्या घरातले एक निवृत्त मोठे इंजिनियर हॅट आणि काठी घेऊन पाहायला आले. त्यांनी काठीने हंड्याकडे निर्देश करून हे तत्त्वतः अशक्य आहे म्हणून सांगितलं आणि तत्त्व समजावून दिलं. अण्णांनी ते लक्ष देऊन ऐकलं, मग त्यांची हॅट काढून आतून बोट फिरवलं. "चांगली आहे. ऊब धरते."

दिवाळी आठ दिवसांवर आली. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तिकडे पाणी भरायचा सण असतो. हंड्यातलं जुनं पाणी टाकायचं, हंडा चिंचेने घासायचा, त्याला चुन्याकुंकवाचे पट्टे, फुलांची माळ, आणि नवं पाणी भरायचं. पहाटे तेल लावून त्याच पाण्याने न्हायचं. म्हणजे भुशात राखलेली सगळी ऊब मोरीत. सुरुवात विहिरीच्या थंड पाण्यापासून. आणि वर्षाचं हे न्हाणं अक्का थंड पाण्याने करणार नव्हती.

भाऊ-बहिणीत तह झाला तेव्हा मी हजर होतो.

"मोटर पहाटेपर्यंत चालू राहील," अण्णा म्हणाले. "मोटर चालू म्हणजे जाळ चालू. मग तर शिळं नाही?"

अक्काने बराच विचार केला. "चालू असेल तर शिळं नाही. पण पाठ आली पाहिजे. तुझ्याच तबकडीवर. त्याखाली असेल तर मी सोडणं पेटवणार. देवाच्या नावाचं न्हाणं आहे. मी ते नखावर भागवणार नाही."

"आणि तिचं काय?" अण्णांनी वैनींच्या खोलीकडे पाहिलं.

"तिला शेजारी नेऊन बसव स्वल्प वेळ."

"स्वल्प म्हणजे किती, अक्का? गेल्या खेपेला धूर तीन दिवस भिंतीतून गेला नाही."

आतून वैनी म्हणाल्या, "मी दिवाळीला दुसऱ्याच्या घरी न्हायची नाही हं. आधीच सांगते." आणि त्यांना ढास लागली.

संध्याकाळी हंडा घासला. शाल सोडली, झटकली, पुन्हा गुंडाळली; वर माळ. नवं पाणी भरलं. अक्काने चुलीत सोडणं रचून ठेवली आणि काड्यापेटी कोनाड्यात, सगळ्यांना दिसेल अशी. अण्णांनी बटण दाबलं. मोटर खोकल्यासारखा आवाज करून लागली. अण्णा माझ्या खोलीतून न्हाणीत आणि न्हाणीतून माझ्या खोलीत फिरत राहिले. मी दोन घोंगड्या पांघरून पडलो. माझ्या अंगाची ऊब भिंतीपलीकडे वाहून जात होती आणि मी ती बिनतक्रार देत होतो.

जाग आली ती दात वाजण्यामुळे. अण्णा दिवा घेऊन खोलीत उभे होते. फ्रिजच्या आत मुठीएवढा बर्फ साचला होता, मोटर चालूच होती. त्यांनी भिंतीवर पंजा ठेवला, मग दुसऱ्या भिंतीवर, मग माझ्या कपाळावर.

"तुझी खोली संपली रे," ते म्हणाले.

मला समजेना. ते हळूहळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलले. या खोलीत होती तेवढी ऊब यंत्राने उचलली. बाहेरून नवी यायला हवी होती. पण ती येणार कुठून? माळ्यावर पिंजर, भिंतीत भुसा, फटींत कापूस. "भिंत फार चांगली झाली," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खिडकीतला कापूस उपसून ती उघडली. बाहेरची पहाट आतल्यापेक्षा उबदार होती. पुढे ती खिडकी कायम उघडी राहिली आणि यंत्राने पाठ गाठली, हिवाळ्यातसुद्धा. पण ते पुढे. त्या पहाटे उशीर झाला होता.

न्हाणीच्या दारात अक्का उभी होती. केसांना तेल, हातात काड्यापेटी.

"पाठ आली का?"

अण्णांनी थर्मामीटर पाण्यात घातला, काढला. मग नख बुडवलं. न्हाणीतल्या तबकडीवरचा काटा नखाच्याही खाली होता, तो त्यांनी हलवला नाही. ते खोटं बोलत नसत, आणि खरं बोलायला त्यांचं तोंड उघडेना. वैनींच्या खोलीतून शिट्टी येत होती, बारीक, कालच्याएवढीच. अक्काने काडी काढली.

तेवढ्यात वैनी भिंत धरत बाहेर आल्या. "मी आधी जाते," त्या म्हणाल्या. घरातल्या थोरल्या माणसाआधी त्या कधी न्हाल्या नव्हत्या. अक्का इतकी चकित झाली की बाजूला सरली. दार लागलं. तांब्या बुडल्याचा आवाज आला, पाणी पडल्याचा आवाज आला.

"अय्यो!"

आम्ही तिघं दचकलो.

"अय्यो, अहो! किती कढत ठेवलंय! अंग भाजलं की माझं. विसण आणा, विसण!"

अण्णा क्षणभर हलले नाहीत. मग विहिरीवर धावले, थंड पाण्याची बादली आणली आणि दाराच्या फटीतून आत सरकवली. आतून बांगड्यांचा हात आला, बादली ओढून घेतली. आणि मग आम्हा तिघांनाही स्पष्ट ऐकू आलं: सगळं विसण एका दमात मोरीतून वाहून गेलं.

अक्काने काडी पेटीत परत ठेवली. पेटी कोनाड्यात ठेवली. वैनी बाहेर आल्या, ओठ निळसर, तोंडभर हसू. अक्का आत गेली. अण्णा येरझारा घालायचे थांबले होते. त्यांना एका जागी उभं राहिलेलं मी तेव्हा पाहिलं.

"अय्यो," आतून अक्काचा आवाज आला. मोठा नाही. विचार करून काढल्यासारखा.

तो खोटा होता की खरा, हे मला आजही सांगता येणार नाही. वर्षभर विहिरीचं पाणी अंगावर घेतलेल्या बाईला नखाएवढी ऊबही कढत लागली असेल. विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

मग माझी पाळी. तबकडीवरचा काटा आता चौथ्या खुणेवर होता. पहिल्या तांब्याला अंगावर काटा आला. मी आवाज चढवून घरभर ऐकू जाईल असं अय्यो म्हणालो, आणि नंतर दोनदा म्हणालो, कारण थांबवता येईना.

शेवटी अण्णा गेले. आत अगदी शांतता. ते बाहेर आले तेव्हा उघड्या अंगावर पाणी निथळत होतं आणि जबडा हलत होता. सोडणं चुलीत कोरडीच होती. वैनींच्या खोलीतून शिट्टी येत होती, पण त्या बोलत होत्या, अक्काला फराळाचं काहीतरी सांगत होत्या, आणि वाक्य पुरं करत होत्या.

"अण्णा," मी विचारलं, "पाणी कसं होतं?"

त्यांनी पंचा झटकला, माझ्याकडे न बघता भिंतीवर पंजा ठेवला, आणि काढून घेतला.

"ऊन होतं की," ते म्हणाले. "स्वल्प."